झाडातलं घुंगरू

मेथी निवडत होते तेव्हा घुंगरू वाजलं. एकदाच, बारीक, आणि बाहेरून. स्वानंदी आतल्या खोलीत झोपलेली होती. तिच्या पायातले वाळे मी काढले नव्हते, कारण काढायला गेलं की ती जागी होते, आणि ती जागी झाली की माझी दुपार संपते. म्हणजे आवाज आलाच तर आतून यायला हवा. बाहेरून आला याचा अर्थ काय, हे डोक्यात पुरतं उतरायच्या आधीच मी पलंगापाशी पोचले होते. ती होती. पालथी, ढुंगण वर, गालाखाली हात. तरी मी तिच्या पाठीवर तळवा ठेवला, पाठ वरखाली होईपर्यंत थांबले, आणि मग पुन्हा वाजलं. मागच्या बागेतून. जानेवारीत रॉटरडॅमला दुपार अशी नसतेच, सकाळ संपते आणि तिला लागूनच संध्याकाळ सुरू होते. त्या राखाडी उजेडात आमच्या इमारतीची ती सामाईक बाग नेहमीसारखीच होती. ओलं गवत, कोणाची तरी लाल सायकल, एक उघडाबोडका बर्च, आणि त्याला खेटून ते मोठं सूचिपर्णी झाड, नाताळच्या झाडाचा थोराड आजोबा शोभेल असं. बर्चच्या खालच्या फांदीवर एक पक्षी बसला होता. गडद तपकिरी, खांद्यांवर विटकरी, कोंबडीएवढा, पण कोंबडीशी तुलना करावी असं त्याच्या नजरेत काही नव्हतं. त्यानं एक पाय उचलून मान खाजवली आणि पायातलं घुंगरू वाजलं. त्याच पायातून चामड्याची एक पट्टी लोंबत होती, हातभर.

पहिल्यांदा मला आला तो राग. मला उगाच पळवलं म्हणून. मग खिडकीशी उभ्या उभ्या हसू आलं, आणि मग हसू जिरून त्या जागी नेहमीची ती बारीक कुरकुर सुरू झाली, जी स्वानंदी पोटात असल्यापासून माझ्याबरोबर आहे आणि जिला माझा नवरा गौरव 'तुझा फ्रिज' म्हणतो. म्हणजे सतत चालू, फक्त बंद पडला की कळतं चालू होता ते. हे वाळे माझ्या आईनं सांगलीहून पाठवलेले. तिचं शास्त्र सोपं होतं. "पोर कुठे आहे ते बघत बसलीस तर स्वयंपाक कधी करशील? वाळे वाजतायत तोवर भाजी परतायची. वाजेनासे झाले की गॅस बंद करून धावायचं." मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली बाई, बाळासाठी कॅमेऱ्याचा मॉनिटर घेतलेला, त्यात तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण वाळे आले आणि मॉनिटर कपाटात गेला. क्रेशमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, मात्र त्यांनी ते पहिल्याच दिवशी काढून एका छोट्या पिशवीत घालून परत दिले. घुंगरू निघून कोणी तोंडात घातलं तर, असं म्हणाली तिथली मुलगी, आणि तिचं बरोबरच होतं. ही भीती मला आधी कशी सुचली नाही याचंच मला वाईट वाटलं. तेव्हापासून स्वानंदी क्रेशमध्ये मुकी असते आणि घरी आली की वाजायला लागते. आठवड्यातले जे दिवस ती तिथे असते तेव्हा माझ्या कानांना काही काम नसतं, आणि कानांना काम नसलं की डोळे नको तिथे जातात.

घुबडं मला अशाच एका दिवशी दिसली. नोव्हेंबरात. खिडकीतून त्या मोठ्या झाडाकडे नुसती बघत होते, आणि किती तरी वेळानं लक्षात आलं की झाडही माझ्याकडे बघतंय. नारिंगी डोळा, एकच, दुसरा मिटलेला. मग त्याच्या शेजारी दुसरं, त्याच्या वर तिसरं, जणू खोडानंच आपली साल सोलून दाखवली. कानांसारखे उभे दोन तुरे, आणि अंग असं आवळून घेतलेलं की फांदीच वाटावी. दिवसभर झोपतात, अंधार पडला की निघून जातात, सकाळी पुन्हा तिथेच. मी कोणाला बोलले नाही. लहानपणापासून ऐकलेलं सगळं एकदम मनात आलं, घराजवळ घुबड, अवलक्षण, आणि तेही सहासात. पण भीती वाटायच्या ऐवजी मला विलक्षण बरं वाटलं. माझ्यासारखंच कोणीतरी एक डोळा उघडा ठेवून झोपतं.

वरच्या बाईंनी मला पकडलं. वरच्या बाई म्हणजे टिनेके, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, आता गळ्यात कायम दुर्बीण. एक दिवस जिन्यात थांबवून म्हणाल्या, "चेत्रा, तू रोज खिडकीत उभी असतेस. तुला दिसलीत." चैत्राली त्यांना जमत नाही. मी चोरी पकडल्यासारखी मान हलवली. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मग माझं कच्चं डच सांभाळत, सावकाश, सगळं सांगितलं. मागे दुसऱ्या एका वस्तीत अशीच घुबडं बसायची. कोणीतरी झाडाचा पत्ता टाकला. मग लांब लेन्सवाले आले, घुबडांनी डोळे उघडावेत म्हणून टाळ्या वाजवायला लागले, एकानं तर फांदीवर पाइनचं फळ फेकून मारलं. आठवड्याभरात झाड रिकामं. "म्हणून मी नोंद करते, पण जागा झाकून," त्या म्हणाल्या. पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात त्या साइटवर तशी सोय आहे म्हणे: पक्षी खरा, तारीख खरी, जागा मात्र वसंत येईपर्यंत कोणाला दिसत नाही. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती जिन्यातून घरी घेऊन आले आणि वापरायला लागले. आई फोनवर विचारते, "बरी आहेस ना?" आणि मी म्हणते, "बरी आहे." नोंद खरी असते. जागा झाकलेली. या देशात लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, रस्त्यानं जाताना त्यांची जेवणाची ताटं दिसतात, वाचत बसलेले आजोबा दिसतात, आम्ही इथे आलो तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात जाऊन पडदे आणले होते आणि गौरव म्हणाला होता, "अगं, आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे?" तेव्हा काही नव्हतं. आता मुलगी आहे, आणि झाड.

तर त्या झाडाशेजारी हा घुंगरूवाला. मी फोन उचलला आणि आमच्या वस्तीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला. एरवी त्यावर हरवलेली मांजरं आणि चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेला कचरा असतो. सकाळपासून तिथे एका माणसाचा निरोप फिरत होता. विबे नावाचा कोणी, शिकारी पक्षी सोडून बंदरातल्या गोदामांवरून सीगल हाकलायचं काम करतो, त्याची मादी उडून गेली होती, वाळवंटी बाज, नाव फीन. शेपटीवरचा ट्रान्समीटर पिसासकट गळून पडलेला सापडला, त्यामुळे ती कुठे आहे कळायला मार्ग नाही. पायात घुंगरू आहे. आणि पट्टी आहे. खाली मोठ्या अक्षरात होतं: पट्टी फांदीत अडकली तर ती उलटी लटकून मरेल, कृपया दिसल्याबरोबर जागा कळवा. त्याखाली अख्खी वस्ती जागी झाली होती. कोणी दुर्बीण घेऊन निघालं होतं, कोणी मुलांना घेऊन, कोणी ड्रोन उडवू का विचारत होतं. मी 'इथे आहे' एवढं टाइप केलं. मग वाचलं. मग पुसलं. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे आले, आमच्या बागेत, माना वर करून, आणि बर्चवरून त्यांची नजर घुबडांच्या झाडाकडे सरकायला कितीसा वेळ.

वर गेले. टिनेकेबाईंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "पाहिलं मी. गप्प बस."

"पण तिच्या पायात पट्टी आहे."

"कोणी बांधली? मी नाही बांधली. माणूस पक्ष्याला पट्टा बांधतो, आणि मग पट्ट्यासकट हरवतो. वर आपण शोधायचं." त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या ती आपणहून पुढे जाईल. आणि तो आला तर एकटा येणार नाही. तू वाचलंस ना? ड्रोन!"

"ती घुबडांना काही करणार नाही?"

त्या गळ्यातली दुर्बीण चाचपायला लागल्या. करेल, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांच्या हिशेबात ते निसर्गात बसत असावं, आणि लेन्सवाले बसत नसावेत. मी खाली आले. मेथी तशीच पडली होती. संध्याकाळी गौरव ऑफिसातून आला, त्याला खिडकीत नेऊन दाखवलं. अंधार पडत होता. ती बर्चवर पाठमोरी, आणि पलीकडे घुबडं एकेक करून आवाज न करता निघालेली, जसं कोणी दिव्यावरून हात फिरवावा तसं. "छान," तो म्हणाला. "आधी घुबडं पाळलीस, आता बाज. उद्या मोर आण. फक्त माझ्या आईला बोलू नकोस हं, भाड्याच्या घराची वास्तुशांत घालायला लावेल." मी हसले नाही म्हटल्यावर त्यानं बॅग खाली ठेवली. "अगं, मग कळव ना त्या माणसाला. त्यात काय एवढा विचार?" मी म्हटलं, तू झाडाचा विचार कर. तो म्हणाला, "मी पट्टीचा करतोय." आणि स्वानंदीला खांद्यावर घेऊन आत गेला, ती वाजत वाजत गेली. त्याचं असंच आहे. त्याला एका वेळी एकच गोष्ट दिसते आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते, याचा मला हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी ती गेलेली नव्हती. क्रेशला सुट्टी होती. सकाळभर घरात दोन घुंगरं वाजत होती, एक आत, एक बाहेर, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय व्हायला लागली होती. स्वानंदी डब्यातून चमचे काढून जमिनीवर मांडायची, बाहेर ती पिसं साफ करायची, आणि दोघी ठीक आहेत हे मला न बघता कळायचं. असा पक्षी पूर्वी कोणी तरी पहिल्यांदा हातावर घेतला असेल, तेव्हा त्याच्या पायात घुंगरू बांधावं हे कोणाला सुचलं असेल? बाईलाच सुचलं असणार, असं मला वाटत राहिलं. चुलीपाशी बसलेल्या, पाठमोऱ्या बाईला. घुबडांना मात्र कोणाला काही ऐकू जायला नको असतं. त्यांच्या पंखांनासुद्धा आवाज नसतो, हे टिनेकेबाईंनी मला पीस दाखवून समजावलं होतं, त्याची कड लोकरीसारखी मऊ, सुटलेली. कोणी सापडावं म्हणून वाजतं, कोणी सापडू नये म्हणून वाजत नाही. आणि मी या दोन्हींच्या मधे, हातात पोळीचा डबा घेऊन. मी तरी इथे काय करत होते इतकी वर्षं? फेसबुकवर मुलीचा एक फोटो नाही, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी कॅमेरा काढला की तिला कडेवर वळवून घ्यायची, आणि तरी रात्री वाटायचं की आपण कुठे आहोत हे कोणालाच नीट माहीत नाही, आपल्याला काही झालं तर कोणाला ऐकू जाईल.

मग बाहेरचं घुंगरू फार जोरात वाजायला लागलं. पळताना वाजतं तसं. आधी मला वाटलं ती उडाली. मग बागेतले काळेपांढरे मॅगपाय पक्षी ओरडायला लागले, सगळे एकदम, आणि घुंगरू वाजतच राहिलं, एका जागी, आणि मग थांबलं.

वाजेनासे झाले की गॅस बंद करून धावायचं. मी खरोखरच गॅस बंद केला. खिडकीतून दिसलं ते असं: पट्टीचा वेढा बर्चच्या फांदीला बसलेला आणि ती उलटी, पंख दोन्हीकडे सुटलेले, ओल्या छत्रीसारखे. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. निरोपाखालचा नंबर लावला. माणसानं पहिल्याच रिंगला उचलला, आणि माझं डच तेव्हा कुठे गेलं देव जाणे, मी इंग्रजीत म्हणाले, "तुमचा पक्षी माझ्या बागेत आहे, लटकलाय, तुम्ही एकटे याल का? एकटेच. आणि कोणाला सांगणार नाही ना, आल्यावरही आणि गेल्यावरही?" त्याला काय वाटलं असेल! मग म्हणाला, "बाई, पत्ता."

शिडी वरच्या बाईंकडेच होती, तळघरातल्या त्यांच्या खोलीत. स्वानंदीला कडेवर घेऊन मी पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मी सांगितलं त्याला. आता शिडी द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. किल्ली घेतली आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागल्या, एवढ्या भराभर की मलाच त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली.

विबे चाळिशीचा, बुटका, कानांवरून ओढलेली लोकरी टोपी, एका हातात जाड चामड्याचा मोजा. एकटाच आला. बागेत शिरल्यावर त्यानं आधी कोणाकडेच बघितलं नाही, नुसती एक बारीक शीळ घातली, आणि उलट्या पक्ष्यानं मान वळवली. जिवंत होती. टिनेकेबाईंनी शिडी बर्चला लावली आणि स्वतः खाली पाय रोवून उभ्या राहिल्या.

"नीट बांधून ठेवायचं ना," त्या शिडीला म्हणाल्या.

"पट्टी पायाला नीट बांधली होती म्हणूनच तर घोळ झाला," तो चढता चढता म्हणाला. "सैल असती तर ती पट्टीशिवाय सुटली असती."

"मग बांधताच कशाला?"

"तुम्ही कुलूप लावत नाही दाराला?"

"त्याची किल्ली माझ्याकडे असते!"

तो वरून हसला. मला दोघांच्याही तोंडाला कुलूप लावावंसं वाटत होतं, कारण पलीकडेच, त्या गडद फांद्यांमधे, सगळेच्या सगळे नारिंगी डोळे उघडले होते. घुबडं उडाली नव्हती. पण अंग इतकं बारीक करून बसली होती की आता उडतील, आता उडतील, असं मला वाटत होतं. विबेनं मोजा घातलेला हात खाली सरकवून पक्ष्याला सरळ बसवलं, दुसऱ्या हातानं पट्टी कापली, खिशातून मांसाचा एक तुकडा काढून मोज्यावर धरला. ती खायला लागली. इतकं सगळं होऊन, लगेच. घुंगरू वाजलं.

तेव्हाच त्यानं पलीकडे बघितलं असावं. शिडीवर तो थांबला. त्याचं तोंड घुबडांच्या समोर होतं, पाचसहा हातांवर. टिनेकेबाईंनी माझा दंड धरला. वस्तीतल्या कोणालाही दिसलं नव्हतं ते त्याला एका दृष्टीत दिसलं. ज्याला दिवसभर शेकडो लोकांचे फोन येत होते, ज्याच्या एका निरोपावर ड्रोन निघायला तयार होते. तो खूप वेळ बघत राहिला, म्हणजे मला खूप वाटला. मग एकेक पायरी, न वाजवता, खाली आला.

"फीनला तुमच्याबद्दल प्रेम आहे का हो?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.

"प्रेमबिम काही नाही," तो म्हणाला. "माझ्या हाताला खायला असतं, हे तिला माहीत आहे. त्याच्यावर रोज परत येते. मला तेवढं पुरतं." त्यानं फोन काढला, ग्रुपवर अंगठ्यानं लिहिलं, आणि आम्हाला दाखवलं: फीन सापडली, सुखरूप, आभार. त्याखाली लगेच प्रश्न आले, कुठे? कुठे सापडली? त्यानं लिहिलं: झाडात. आणि फोन खिशात टाकला. टिनेकेबाईंच्या घशातून एक आवाज आला. मी त्यांना इतक्या दिवसांत हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. जाताना तो स्वानंदीपुढे उकिडवा बसला. ती बाजाकडे नाही, त्या मोठ्या झाडाकडे बोट करत होती. "आउल," ती म्हणाली, क्रेशमधल्या डचमध्ये. विबेनं गंभीरपणे ओठांवर बोट ठेवलं. "निक्स," तो कुजबुजला. काही नाही. आपण काही बघितलं नाही. "निक्स," स्वानंदी म्हणाली, त्याच्याइतक्याच गंभीरपणे.

त्या रविवारी तिचं बोरन्हाण केलं. गौरवनं जमिनीवर चादर अंथरली, बोरं इथे मिळाली नाहीत म्हणून द्राक्षं, कुरमुरे, रेवड्या, वरच्या बाईंना बोलावलं आणि त्यांनी काळ्या फ्रॉकमधल्या, हलव्याच्या दागिन्यांतल्या मुलीवर कुरमुरे टाकताना तीनदा विचारलं की हे नक्की टाकायचेच असतात ना. फोनच्या पडद्यावर गौरवच्या आई टाळ्या वाजवत होत्या. मी खाली सांडलेलं गोळा करत बसले होते. वाळे स्वयंपाकघराकडे गेले, ऐकू येत होते, टेबलाला वळसा, फ्रिजपाशी, आणि मग थांबले. माझे गुडघे सवयीनं उठायला निघाले. मी त्यांना बसवलं. हातात मूठभर कुरमुरे तसेच होते, आणि मी ऐकत राहिले, त्या न वाजण्याला, आणि आश्चर्य म्हणजे त्यात काही वाईट नव्हतं, ती फक्त शांतता होती, कोणाची तरी. बसल्या जागेवरून दारातून ती दिसत होती. खिडकीच्या काचेला नाक लावून, अगदी स्थिर, पाय जुळवून उभी, श्वासाचा गोल काचेवर उमटत होता आणि विरत होता. हलव्याचा मुकुट एका कानावर आला होता.

"अगं, कुठे गेली आमची सोनुली?" फोनमधून सासूबाई म्हणाल्या. "काय बघतेय तिकडे एवढं?"

गौरवनं फोन तिच्याकडे वळवला. "स्वानू, आजी विचारतेय. काय आहे तिकडे?"

ती वळली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मी काही केलं नाही.

"निक्स," ती म्हणाली, आणि पुन्हा काचेकडे वळली.

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, आई," गौरव म्हणाला.